किलोभर पाप

नबिलाला यापुढे आपलं विमान द्यायचं नाही, हे शैलेंद्र बिवलकरांनी रविवारी सकाळी आठच्या सुमाराला ठरवलं. पुरावा एकच होता. प्रोपेलरच्या एका पात्याच्या धारेवर, टोकापासून वीतभर आत, तांदळाच्या दाण्याएवढी खाच. मागच्या रविवारी ती नव्हती. त्यांनी स्वतः धारेवरून बोट फिरवलं होतं आणि बोटाला काही लागलं नव्हतं. मधल्या आठवड्यात विमान एकदाच उडालं होतं, शनिवारी सकाळी, आणि बुकिंगच्या तक्त्यावर नाव होतं नबिलाचं.

त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली, तसा संशय आणखी पक्का झाला. कारण विमान फारच स्वच्छ होतं. समोरची काच पुसलेली. पंखांच्या कडांवर चिकटलेले किडे पुसलेले. आणि गुरुवारी दसऱ्याच्या पूजेत दोन्ही पात्यांवर ओढलेलं कुंकू, तेही पुसलेलं. भाड्यानं घेतलेली वस्तू इतकी घासूनपुसून कोण परत करतं? ज्याला काही लपवायचं असतं, तो.

तांदळाच्या दाण्याएवढ्या खाचेचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण मिनिटाला अडीच हजार फेरे घेणाऱ्या पात्यावर सगळा ताण त्या एका ठिपक्यापाशी गोळा होतो. कापडाला कात्रीनं जराशी चीर दिली की पुढचं कापड हातानं फाटतं, तसंच धातूचं. खाचेतून तडा निघतो, तडा वाढतो आणि एखाद्या दिवशी पात्याचं टोक उडून जातं. म्हणून खाच दिसली की आधी कानस मारून ती गुळगुळीत करायची, इंजिनिअरची सही घ्यायची, मगच उडायचं. आणि ज्याच्या हातून झालं त्यानं सांगायचं. भाड्याच्या विमानाचा सगळा कारभार या शेवटच्या वाक्यावर चालतो. बिवलकरांचा नेमका त्याच वाक्यावर कधी विश्वास बसला नव्हता.

त्याला कारणं होती. मिरजेहून मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन ते सत्त्याण्णव साली दुबईत आले, तेव्हा ज्या कंपनीनं आणलं तिनं पहिल्याच दिवशी पासपोर्ट काढून घेतला आणि एसी टेक्निशियन म्हणून आणलेल्या माणसाला वर्षभर पत्रे वाहायला लावले. पुढं त्यांनी अल कुसैसमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं, एसीचे डक्ट बनवून इमारतींत बसवायचं. तिथं भागीदारानं गिऱ्हाइकं फोडली. एकदा भाड्यानं घेतलेल्या गाडीच्या बंपरवर, त्यांनी न पाडलेल्या ओरखड्याचे नऊशे दिरहम कापले गेले. ‘म्हणजे आजच्या भावानं एकवीस हजार,’ असं ते दहा वर्षांनंतरही सांगत आणि बंपरचा आकार हातानं हवेत काढून दाखवत. वर्कशॉपमधली चौदा माणसं त्यांना मान देत, पण सामानाच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेलाच असे. इमारतीचा वॉचमन पार्सल वर घेऊन आला तरी ते पिशवीची गाठ आधी बघत. सोळा वर्षांची मुलगी अवनी यावर एकदाच बोलली होती, जेवता जेवता, मान वर न करता. “बाबा, यू डोन्ट ट्रस्ट पीपल. यू जस्ट हॅवन्ट कॉट देम येट.”

असा माणूस विमान घेतो आणि वर ते भाड्यानं देतो, याचं सगळ्यांनाच नवल वाटे. घेतलं त्याचं कारण सरळ होतं. आयुष्यभर हवेला पत्र्याच्या बोगद्यातून वळवायचं काम केलं, एकदा तिच्यावर बसून बघावं, असं त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी वाटलं. रास अल खैमाकडं, खारफुटीच्या काठाला एक छोटा फ्लाइंग क्लब होता. तिथं दीड वर्ष शिकून त्यांनी लायसन काढलं आणि पुढं मायदेशी परत निघालेल्या एका जर्मन माणसाकडून त्याचं पन्नास वर्षांचं जुनं, दोन सीटचं विमान विकत घेतलं. एक लाख दहा हजार दिरहम, म्हणजे पंचवीस-सव्वीस लाख. त्यांच्या पत्नी अनुराधाबाईंनी ही बातमी मिरजेपर्यंत जाऊ दिली नाही. विमान म्हटलं की तिकडं लोकांच्या डोळ्यांसमोर तीनशे सीटा येतात, आणि मग प्रत्येक लग्नात आपल्याला त्या तीनशे सीटांच्या मालकासारखं वागावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. विमानाच्या शेपटीवर शेवटची दोन अक्षरं होती के आणि पी. वायरलेसवर के म्हणजे ‘किलो’ आणि पी म्हणजे ‘पापा’, म्हणून क्लबात सगळे त्याला ‘किलो पापा’ म्हणत. अनुराधाबाई ‘किलोभर पाप’ म्हणत.

भाड्यानं देण्याचं कारण मात्र नाइलाज होता. समुद्राकाठचं विमान उभं राहिलं की कुजतं. खारी हवा आत शिरते, न फिरलेल्या इंजिनाला आतून गंज धरतो. बिवलकरांना आठवड्यातून एक सकाळ मिळे, तेवढं फिरणं पुरत नव्हतं. म्हणून त्यांनी ते क्लबाकडं दिलं आणि क्लबाचे आणखी तिघे पायलट ते तासावर घेऊ लागले. एक निवृत्त इंग्रज म्हातारा, तो उन्हाळा सुरू झाला की मायदेशी जाई आणि थंडी पडल्याशिवाय परत येत नसे. एक सत्यजित, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करणारा पुण्याचा मुलगा, उडण्यापेक्षा विमानाशेजारी उभं राहून फोटो काढण्यात जास्त वेळ घालवणारा. आणि तिसरी नबिला.

देताना ते देत, पण त्यांच्या खिशात कायम खडू असे. स्वतः उडून आले की ते चाकाच्या टायरवर आणि खाली काँक्रीटवर अशी एक सलग रेघ मारत, म्हणजे विमान कुणी न सांगता हलवलं तर रेघ जुळणार नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावत. सीट कुठल्या भोकात अडकवली होती ते लक्षात ठेवत. दार उघडलं की आधी आत नाक घालून वास घेत. सत्यजितनं एकदा त्यांना चाकापाशी वाकलेलं पाहिलं आणि म्हणाला, “काका, तुम्ही विमान भाड्यानं देता की पाळतीवर ठेवता?” बिवलकरांनी खडू खिशात टाकला आणि टायरमधली हवा बघतोय असं सांगितलं.

नबिलाविषयी त्यांचं मत तिला भेटण्याआधीच झालं होतं. ती शारजातल्या एका रेंट-अ-कारच्या काउंटरवर नोकरी करते, एवढं कळलं आणि त्यांना तो बंपर आठवला. सव्वीस वर्षांची, शारजात वाढलेली, आईवडील हैदराबादचे. पगारातून थोडे थोडे तास घेत तिनं तीन वर्षांत लायसन मिळवलं होतं. तिला आता इन्स्ट्रक्टर व्हायचं होतं. जानेवारीत सुरू होणाऱ्या कोर्समध्ये तिला जागा मिळाली होती, अट एकच, तोवर शंभर तास पुरे हवेत. तिचे एकाहत्तर झाले होते. उरलेले एकोणतीस तिच्या खिशाला परवडतील असं विमान क्लबात एकच होतं, किलो पापा. आणि मालकानं एखाद्या पायलटनं नुकसान लपवलं असं लेखी दिलं, तर क्लब त्याला कुठलंच विमान देत नसे. हे नबिलाला माहीत होतं, क्लबातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि बिवलकरांनाही.

रविवारी त्यांनी आधी हँगरमधून मुरलीधरला बोलावलं. मुरलीधर क्लबाचा इंजिनिअर, मंगळूरचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं नखानं खाचेची खोली पाहिली, मग मापानं मोजली. कानशीनं निघेल, पातं बदलावं लागणार नाही, असं सांगितलं. कशानं झाली असेल, यावर तो खांदे उडवून म्हणाला, “पत्थर है साब. नीचे से उठा है.”

फिरतं पातं जमिनीपासून जेमतेम फूटभर वर असतं. खाली बारीक खडे असले तर त्याच्या ओढीनं ते भोवऱ्यासारखे वर उचलले जातात आणि पात्याच्या वाटेत येतात. हे बिवलकरांना शिकवलेलं होतं. पण धावपट्टी रोज झाडली जाते, विमानं उभी असतात ते काँक्रीटही. मग खडा आला कुठून? धावपट्टीच्या बाजूच्या खडीतून. म्हणजे उतरताना विमान पट्टीवरून बाहेर गेलं होतं. त्यांनी वाकून चाकावरच्या झाकणात बोट घातलं. बोटाला वाळू लागली. या देशात ती कुठल्याही झाकणात बोट घातलं तरी लागते, पण त्या क्षणी ती त्यांना साक्षीदार वाटली.

त्यांनी तिथूनच नबिलाला फोन केला. खाचेचं काही बोलले नाहीत. इकडच्या तिकडच्या चौकशा केल्या, मग शनिवारची फ्लाइट कशी झाली ते विचारलं. मस्त झाली, सहा वेळा उतरून पुन्हा उडाले, वाराही नव्हता, असं ती म्हणाली. बिवलकरांनी सहा हा आकडा मनाशी धरून ठेवला. सहापैकी एकदा.

मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की विमान तूच पुसलंस का.

“हाँ अंकल,” ती म्हणाली. “पंखा तो बहुत गंदा था. कुछ लाल-लाल लगा था, चिपचिपा.”

बिवलकरांनी फोन ठेवला. तो गंदा शब्द दिवसभर त्यांच्या कानात राहिला. कुंकवाला ती काही म्हणाली, याचा राग होताच. पण त्याहून जास्त त्यांना हे लागलं की तिनं बरोबर तीच जागा पुसली होती.

घरी अनुराधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तिला सरळ विचारा, खाच तुझ्या हातून पडली का, एवढंच. बिवलकर म्हणाले, विचारल्यावर कोण हो म्हणतं. सोमवारी वर्कशॉपमधूनच त्यांनी क्लबाला ईमेल पाठवली. इंग्रजीत, मुद्देसूद. खाच कुठं, किती खोल, आधी नव्हती हे कशावरून, मधे कोण उडालं, पातं कुणी पुसलं. शेवटी लिहिलं की या पायलटनं नुकसान लपवलं असं माझं मत आहे आणि क्लबानं कारवाई करावी. तीनदा वाचून पाहिली. एकही वाक्य खोटं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता फिझानं तिघांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं. फिझा क्लबाची मॅनेजर. ती सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारी आणि आधी ‘मिस्टर’ लावी. मुरलीधर दाराशी उभा राहिला. नबिला थेट नोकरीवरून आली होती, गळ्यात कंपनीच्या पट्ट्याला लटकवलेलं ओळखपत्र तसंच. फिझानं ईमेल मोठ्यानं वाचून दाखवली. वाचून होईपर्यंत नबिला टेबलाच्या कडेकडे बघत होती. मग तिनं एवढंच विचारलं की खाच नेमकी कुठं आहे. मुरलीधरनं तळहात पात्यासारखा धरून त्याच्या कडेवर बोट ठेवून दाखवलं.

तिनं फोन काढला. रेंट-अ-कारच्या काउंटरवर रोज वीस गाड्या देते मी, ती म्हणाली. गाडी देण्याआधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढायचा, परत घेताना पुन्हा काढायचा, नाहीतर गिऱ्हाईक आमच्यावर संशय घेतं आणि आम्ही गिऱ्हाइकावर. हाताला सवय लागली आहे. विमानाचाही काढते. काढल्यावर कधी बघत मात्र नाही.

व्हिडिओ शनिवारचा होता, सकाळी सहा एकेचाळीसचा. चाळीस सेकंदांचा. उजवा पंख, शेपटी, डावा पंख आणि शेवटी प्रोपेलर. फिझानं तिथं तो थांबवला आणि बोटांनी मोठा केला. पात्यावर तांबडा पट्टा होता आणि पट्ट्यात, धारेवर, एक बारीक चमक.

मुरलीधरनं जवळ येऊन पाहिलं. “वही है,” तो म्हणाला.

म्हणजे नबिलानं इंजिन सुरू करण्याआधीच खाच तिथं होती. पहिल्यांदा बोलली ती नबिलाच, आणि तिचं बोलणं बिवलकरांना अनपेक्षित होतं. खाच मी पाडली नाही, ती म्हणाली, पण उडण्याआधी मला ती दिसायला हवी होती. मी लाल रंग बघत बसले आणि खालची खाच पाहिली नाही. तशीच उडाले. तेवढी चूक माझी लिहा.

फिझानं ते लिहून घेतलं. मग बिवलकरांकडं वळून ती म्हणाली, “मिस्टर शैलेंद्र, तर मग कुणी?”

बिवलकरांचं डोकं त्याआधीच पुढं धावलं होतं. व्हिडिओ खरा, तर नबिला सुटली. पण विमान कुणीतरी हलवलं आहे. सत्यजित? शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी असते, फोटोसाठी येऊन यानं इंजिन चालू केलं असेल. की रात्रपाळीला झाडणारी पोरं? त्यांनी व्हिडिओ स्वतःच्या फोनवर मागून घेतला. माफी मागायचं त्यांच्या मनात आलं, पण तपास पूर्ण व्हायचा होता. तपास अर्धवट असताना माफी मागणं त्यांना घाईचं वाटलं. नबिला उठली, ओळखपत्राचा पट्टा सरळ केला आणि परत शारजाला गेली, तिची पाळी दहापर्यंत होती. चौकशी संपेपर्यंत तिचं बुकिंग बंद राहील, हे फिझानं तिला दारातच सांगितलं. पुढच्या दोन आठवड्यांचे तिचे सहा तास तक्त्यावरून पुसले गेले.

गुरुवारी दुपारी वर्कशॉपमध्ये माणसं जेवायला बसली, तेव्हा बिवलकर पत्रा वाकवायच्या मशीनपाशी स्टुलावर बसून व्हिडिओ बघत होते. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. ते गुन्हेगाराचं काही निशाण शोधत होते, बुटाचा ठसा, तेलाचा डाग. तसं काही नव्हतं. तांबडा पट्टा होता, आणि त्यात ती चमक.

मग त्यांच्या लक्षात आलं की ते चमक बघतायत, पट्टा बघत नाहीयेत.

तो पट्टा त्यांनी स्वतः ओढला होता. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडेल म्हणून अनुराधाबाईंनी ते तेलात कालवून दिलं होतं, आणि बिवलकरांनी अनामिकेनं दोन्ही पात्यांवर, पार धारेपर्यंत, आडवं बोट ओढलं होतं. खाच जर त्याआधीची असती, तर कुंकू तिच्यात भरलं असतं. रंगवलेल्या भिंतीवरच्या जुन्या भोकातही रंग जातो, तसं. पण इथं खाचेच्या आत धातू लखलखत होता आणि कुंकवाचा पट्टा दोन्ही बाजूंना तुटला होता. म्हणजे आधी कुंकू, मग खाच. दसऱ्याच्या सकाळनंतर आणि शनिवारी सहा एकेचाळीसच्या आधी. फिझाला आणि मुरलीधरला तो नुसता लाल रंग होता. तो कुणी, केव्हा आणि कशासाठी लावला हे माहीत असलेला माणूस त्या केबिनमध्ये एकच होता.

आणि त्या दोन दिवसांत इंजिन कुणी सुरू केलं? दसऱ्याला, पूजा झाल्यावर, मुहूर्तावर यंत्र फिरलं पाहिजे म्हणून, दोन मिनिटं. त्यांनीच. उडायचं नव्हतं म्हणून तक्त्यावर लिहिलंही नव्हतं.

त्यांनी मान वर केली. मशीनशेजारच्या फळीवर पूजेचा दगड होता. वाडीतून, म्हणजे इथल्या डोंगरातल्या कोरड्या ओढ्यातून, पंधरा वर्षांपूर्वी आणलेला. दर दसऱ्याला मशीनची पूजा झाली की नारळ याच्यावर फोडायचा. वर्षावर्षाच्या कुंकवानं आणि तेलानं तो तांबडा काळा झाला होता. या वर्षी ते तो विमानाच्या पूजेलाही घेऊन गेले होते, कारण काँक्रीटवर नारळ फोडला तर डाग पडेल आणि फिझा ओरडेल. नारळ चिवट निघाला होता. तिसऱ्या दणक्याला फुटला. पूजा झाल्यावर त्यांनी करवंटीचा तुकडा न् तुकडा, शेंडीचे केस, फुलं, तांदूळ सगळं स्वतः वाकून पिशवीत भरलं होतं. विमानाखाली काही राहू नये, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नारळाचे तुकडे त्यांनी मोजल्यासारखे वेचले. दगडाचे तुकडे पडले असतील हे मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं, कारण दगडावर नारळ फुटतो, नारळावर दगड नाही.

ते उठून फळीपाशी गेले. दगडाच्या एका कोपऱ्याला ताजी, पांढरट जखम होती.

पलीकडं माणसं डबे धुवत होती. बिवलकरांनी दगड पालथा करून ठेवला, मग पुन्हा सरळ केला.

घरी त्यांनी हे अनुराधाबाईंना सांगितलं. सांगताना त्यांनी हेही सांगून टाकलं की गप्प राहिलो तर कुणाला कधी कळणार नाही. क्लबाला लाल रंगाचं काही समजत नाही. पंधरा दिवसांनी फिझा कारण अज्ञात असं लिहून फाइल बंद करील.

“आणि त्या पोरीचे तास?” अनुराधाबाई म्हणाल्या.

बिवलकरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“मी उगाच किलोभर पाप म्हणत नव्हते,” त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या.

शुक्रवारी दुपारी वर्कशॉप बंद करून ते रास अल खैमाला गेले. आधी फिझाकडं गेले नाहीत. किलो पापा दसऱ्याच्या दिवशी ज्या जागेवर उभं होतं तिथं गेले. स्वतःवरचा आरोपसुद्धा ते पुराव्याशिवाय मान्य करणार नव्हते. ऊन मी म्हणत होतं. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधे डांबर भरलेली फट असते. ते गुडघ्यांवर बसून त्या फटीतून खडूचं टोक ओढत गेले. चौथ्या हातावर खडू अडला. हरभऱ्याएवढी कपची, डांबरात रुतलेली. एक बाजू पांढरट, एक बाजू तांबडी.

फिझानं कपची टेबलावर ठेवलेली पाहिली, मग बिवलकरांच्या गुडघ्यांवरची धूळ. त्यांनी पूजा, कुंकू, दगड, दोन मिनिटं सगळं सांगितलं. सोमवारची तक्रार मागं घेतो असं लिहून दिलं. तिनं पुढं केलेला नुकसानीचा फॉर्म भरला. ‘इंजिन कुणी सुरू केलं’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. ‘कारण’ या रकान्यापाशी पेन थांबलं.

“कोकोनट?” फिझानं विचारलं.

“स्टोन,” ते म्हणाले. “फॉर कोकोनट.”

फिझा हसली नाही. नियमाप्रमाणे मालकालाही एक लेखी समज द्यावी लागेल, असं तिनं सांगितलं, आणि यापुढं विमानतळावर नारळ नाही, इन्शाल्ला, असंही. बिवलकरांनी मान डोलावली. नबिलाचं बुकिंग आजच सुरू करा, एवढं ते म्हणाले. ते मी तुमच्या सांगण्याची वाट न बघता केलं असतं, असं फिझा म्हणाली.

मुरलीधरनं कानस मारून खाच आधीच गुळगुळीत केली होती. धारेवर आता एक उथळ, बशीसारखा खोलगट भाग होता, आणि लॉगबुकात सही.

शनिवारी सकाळी साडेसहाला बिवलकर क्लबात होते. त्यांचं काही बुकिंग नव्हतं. नबिला हातात किल्ली घेऊन आली, सलाम केला आणि विमानाचे दोर सोडायला लागली. त्यांनी रस्त्यात पाठ केलेलं वाक्य हिंदीत म्हणून टाकलं, की गलती मेरी थी, मैंने बिना वजह शक किया. ती दोर गुंडाळत राहिली. मग तिनं विचारलं की त्या दिवशी फोनवर तुम्ही मला सगळं विचारलं, खाचेचं तेवढं विचारलं नाही, का. बिवलकर म्हणाले, विचारलंच होतं एका परीनं.

“नक्को अंकल,” ती म्हणाली. “आप पूछे नहीं. जाँचे.”

त्यांनी तिला सांगितलं की ते लाल काय होतं, कशाला लावतात. तिनं ऐकून घेतलं. गंदा म्हटल्याबद्दल ती सॉरी म्हणाली, आणि ते इतक्या साधेपणानं, की बिवलकरांना वाटलं, मघाचं आपलं वाक्य जरा जास्तच पाठ केलेलं वाटलं असणार. मग तिनं धारेवरून बोट फिरवलं, आधी एक पातं, मग दुसरं, दोन-दोनदा. खोलगट भागापाशी बोट थांबलं, तिनं लॉगबुकातली सही बघितली आणि पुढं गेली. बिवलकरांचा हात नकळत खिशाकडं गेला. खडू होता. त्यांनी तो तिथंच राहू दिला.

नबिलानं फोन काढला आणि उजव्या पंखापासून व्हिडिओ सुरू केला. शेपटीला वळसा घालून ती डावीकडून पुढं येऊ लागली. बिवलकर प्रोपेलरपाशी उभे होते. आपण मधे येतोय हे बघून ते घाईनं बाजूला सरकले.

“रहने दो अंकल,” ती फोन खाली न करता म्हणाली. “मालिक भी रेकॉर्ड में होना.”

बिवलकर परत पात्याशेजारी जाऊन उभे राहिले. हात खिशातून बाहेर काढले आणि पासपोर्टच्या फोटोला उभं राहावं तसे, कॅमेऱ्याकडं बघत, तिचं चित्रीकरण संपेपर्यंत हलले नाहीत.